आवाज घरचा, तारही घरची

संगणक कक्षात पाऊल टाकताच पहिला प्रश्न कानी येतो, ‘नेट आहे का?’ नसले की जो तो उठून कँटीनकडे. जणू बाहेरून काही आल्याखेरीज त्या यंत्रांना कामच नाही! परंतु कक्षातले संगणक तारेने एकमेकांना जोडलेले आहेत, आणि एकावरचा आवाज दुसऱ्यावर ऐकायला इंटरनेट मुळीच लागत नाही.

आवाजाचे बारीक तुकडे करून ते तारेवरून पाठवायचे नि पलीकडे क्रमाने जुळवायचे, एवढाच हा खेळ. सीडीच्या दर्जाचा आवाज सेकंदाला सुमारे १४ लाख बिट घेतो; साधी तार १० कोटी वाहते. नुसते बोलणे तर त्याच्या पन्नासाव्या हिश्श्यातही भागते. पॅरिसजवळच्या एका महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी १९९६ साली आपल्या आवारातल्या जाळ्यावर चित्र नि आवाज पाठवण्याचा उद्योग आरंभला. त्यातूनच आजचा फुकट मिळणारा व्हीएलसी निघाला. त्यात ऐकण्याची तशी पाठवण्याचीही सोय आहे, पण आपण त्यावर सिनेमेच पाहतो.

मग ऐकवायचे काय? माझा खरा मुद्दा हाच. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) आपल्या संगमेश्वरी बोलीची नोंद आहे. पण बोलीचा हेल कागदावर कसा उतरावा? तो माझ्या आजीच्या तोंडी आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आजीला अक्षरओळख नाही, ओव्या मात्र शेकड्याने पाठ. वर्गात मी तिच्यासारखा बोललो की मागच्या बाकावर हसू फुटते. हसणाऱ्यांच्या आज्याही तसेच बोलत असतील!

कोणी म्हणेल, यूट्यूबवर टाका. पण आपला आवाज साऱ्या जगाने ऐकावा की नाही, हे आजीने ठरवायचे. कॉलेजात वाजवण्याला तिची हरकत नाही. ‘कोन हसनार नाय ना?’ एवढेच तिने विचारले. म्हसवडच्या ‘माणदेशी तरंग’सारखे रेडिओ केंद्र काढायचे तर सरकारी परवाना हवा, मनोरा हवा. येथे एक जुना संगणक पुरे.

मराठी विभागाने तो द्यावा. शिमग्यातले नमन, गणपतीतली जाखडी, आज्यांच्या ओव्या आम्ही मोबाईलवर टिपून आणू. सगळे संगणक एकदम मोठ्याने लावले तर आवाज थोडे मागेपुढे होऊन गोंगाट होईल, म्हणून कानाला लावायचे हेडफोन तेवढे लागतील. सुरुवातीला दहा पुरेत.

– एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष कला