गेम अडकतोय? आधी मोजा, मग लिनक्सला शिव्या घाला

"लिनक्सवर गेम चालत नाहीत रे, आणि चालले तरी रडत रडत." हे वाक्य मी कॉलेजात असल्यापासून ऐकतोय. तेव्हा ते खरं होतं आणि मी ते खोटं आहे म्हणून भांडायचो. आता ते बऱ्याच अंशी खोटं झालंय, तर लोक ते खरं आहे म्हणून माझ्याशी भांडतात! नशीब एकेकाचं.

तर झालं काय, २०२५ च्या भाऊबीजेला ताईकडे वरशाला गेलो होतो. (ब्लॉगवाल्या मंडळींसाठी: वरसे म्हणजे रोह्याला अगदी चिकटून असलेलं गाव. आमचे भावजी तिथूनच धाटावच्या एमआयडीसीत शिफ्टला जातात.) ओवाळून झालं, करंज्या झाल्या, आणि भाचा तोंड पाडून बसलेला. कारण विचारलं तर म्हणाला, "मामा, तुझ्या लिनक्सने लॅपटॉपची वाट लावली."

माझं लिनक्स! म्हणजे ते मीच लिहिलंय.

पार्श्वभूमी अशी की १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने काढून घेतला. वर्षभराची वाढीव सुरक्षा मिळत होती, ऑक्टोबर २०२६ पर्यंत, पण तीही मुदतवाढच. भाच्याचा लॅपटॉप सातव्या पिढीच्या आय-५ चा, सोबत एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० कार्ड. विंडोज ११ च्या यादीत इंटेलचे प्रोसेसर, थोडे अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून पुढचे. म्हणजे धडधाकट मशीन एका यादीत नाव नाही म्हणून निवृत्त. गणपतीत आलो होतो तेव्हा मीच त्याला लिनक्स मिंट टाकून दिलं आणि मुंबईला निघून गेलो. नंतर पोराने हौसेने 'राजी' हा गेम घेतला. पुण्याच्या नॉडिंग हेड्सवाल्यांचा, २०२० साली आलेला. राजी नावाची मुलगी असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला सोडवायला निघते. भाऊबीजेला याहून योग्य गेम कुठला मिळणार! पण गेम विंडोजसाठी केलेला, आणि आमच्या राजीची तलवार उचलली की खाली यायला पुढची दिवाळी.

त्याच्या मित्रांचा निकाल लागलेला होता: लिनक्स स्लो आहे. दुकानदाराचाही लागलेला होता: मशीन जुनं झालं, नवीन घ्या, पंच्याहत्तर हजारापासून सुरू, हप्ते करून देतो. भावजी हप्त्याचा हिशेब मांडत होते आणि ताई आतल्या आत चिडलेली होती, कारण तेवढ्यात घराचं छप्पर होतं. म्हणजे विषय नुसता खेळाचा राहिला नव्हता.

माझा राग इथे आहे. या सगळ्यांत एकानेही काही मोजलेलं नव्हतं. 'स्लो' हे काय निदान झालं? डॉक्टरकडे जाऊन "बरं वाटत नाही" म्हटल्यावर त्याने नाडीही न बघता "नवीन शरीर घ्या" म्हणावं, तसं!

थोडं आतलं सांगतो. नातेवाईक मंडळींनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल, पण गाळू नका. विंडोजचा गेम लिनक्सवर चालवणारं 'वाइन' १९९३ साली सुरू झालं आणि त्याची १.० आवृत्ती यायला २००८ चा जून उजाडला. पंधरा वर्षं! लोकांना वाटतं की यात लिनक्सच्या पोटात एक खोटा विंडोज कॉम्प्युटर उभा करतात, म्हणून ते मंद. तसं नाही. गेमचा कोड त्याच प्रोसेसरवर थेट चालतो. फक्त गेम विंडोजकडे ज्या मागण्या करतो, त्या लिनक्सच्या मागण्यांत बदलून दिल्या जातात. तांदूळ तोच, पायलीचे किलो करायला जो वेळ लागेल तेवढाच काय तो खर्च.

खरी अडचण चित्रांची होती. विंडोजचे गेम डायरेक्टथ्रीडीच्या भाषेत बोलतात आणि वाइन ते ओपनजीएलमध्ये उलटवायचं. या उलट्यापालट्यात वेग जायचा. म्हणून म्हटलं, तेव्हाची तक्रार खरी होती. २०१६ मध्ये व्हल्कन आलं आणि पुढे फिलिप रेबोले नावाच्या प्रोग्रामरने 'निअर ऑटोमाटा' हा एक गेम आपल्याला लिनक्सवर खेळता यावा म्हणून डायरेक्टथ्रीडीचं थेट व्हल्कन करणारं 'डीएक्सव्हीके' लिहायला घेतलं. ऑगस्ट २०१८ मध्ये व्हॉल्व्हने वाइन आणि डीएक्सव्हीके एकत्र बांधून 'प्रोटॉन' म्हणून स्टीममध्ये दिलं. २०२२ पासून विकला जाणारा त्यांचा स्टीम डेक आतून लिनक्सच आहे. तो हातात धरून खेळणाऱ्यांपैकी कितीजणांना हे माहीत असतं कोण जाणे. त्यामुळे "लिनक्स आहे म्हणून स्लो" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं.

आता लॅपटॉपकडे. मी 'मँगोहड' टाकलं. गेम चालू असताना कोपऱ्यात आकडे दाखवणारं हे छोटं साधन: सेकंदाला किती चित्रं, प्रोसेसर किती राबतोय, ग्राफिक्स चिप किती राबतेय. आकडा आला १३. खेळण्यालायक व्हायला निदान तीस हवेत. प्रोसेसर निवांत, ग्राफिक्स चिप ९८ टक्क्यांवर. सेटिंगमध्ये चिपचं नावही दाखवायला सांगितलं, तर नाव काय? इंटेल! म्हणजे एनव्हिडियाचं कार्ड शेजारी झोपलेलं आणि प्रोसेसरमधली ती किरकोळ चिप एकटी गाडा ओढत होती.

वरशाच्या लोकांना हे कुंडलिकेच्या उदाहरणाने पटकन कळतं. कोलाडला राफ्टिंगला पाणी असतं ते मुळशीचं, भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलं. ज्या दिवशी भिऱ्याहून पाणी सुटत नाही त्या दिवशी कोलाडच्या काठावर उभं राहून नदीला शिव्या घालून काय उपयोग? पाणी कुठे अडलंय ते वर जाऊन बघावं लागतं.

वर जाऊन बघितलं. एनव्हिडियाचा ड्रायव्हर भाच्याने टाकलेला होता, शपथेवर सांगत होता. पण 'एनव्हिडिया-एसएमआय' ही आज्ञा दिली तर उत्तर आलं की ड्रायव्हरशी संपर्क होत नाही. टाकलेला होता, पण लागलेला नव्हता! सिक्युअर बूट चालू असलं की असा बाहेरचा ड्रायव्हर सही ओळखल्याशिवाय आत घेतला जात नाही. टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात, आणि पुढच्या वेळी मशीन सुरू होताना एक निळा पडदा येतो. तिथे 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. आमच्या वीराने निळा पडदा पाहिला, व्हायरस आला असं वाटून 'कंटिन्यू बूट' दाबलं आणि देवाला नमस्कार केला. ते सगळं नीट परत केलं. ड्रायव्हर लागला. मी मोठ्या रुबाबात गेम सुरू केला.

आकडा १३.

ताई म्हणाली, "जेवून घे." भावजी काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

जेवताना सुचलं नाही, नंतर सुचलं. मँगोहड आकड्याशेजारी गेम कशातून चित्रं काढतोय तेही लिहितं. तिथे 'डीएक्सव्हीके' दिसायला हवं होतं, दिसत होतं 'ओपनजीएल'. पहिल्यापासून दिसत होतं! मीच वाचलं नव्हतं. (तेव्हा वर जे डॉक्टरांबद्दल लिहिलंय ते मलाही लागू.) स्टीममध्ये गेमच्या लाँच ऑप्शन्स उघडल्या तर तिथे दीड ओळीचा मंत्र लिहिलेला. "हे काय?" "एका व्हिडिओत होतं, स्पीड वाढतो म्हणाले." त्या मंत्रात एक शब्द होता 'प्रोटॉन यूज वाइनडीथ्रीडी', आणि त्याची किंमत एक. याचा अर्थ: डीएक्सव्हीके बंद कर आणि जुन्या ओपनजीएलच्या वाटेने जा. ज्या जुन्या कार्डांना व्हल्कन पुरेसं येत नाही, त्यांच्यासाठी ठेवलेली ही पळवाट आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या डीएक्सव्हीके २.० ला व्हल्कन १.३ लागतं, ते नसेल तर एक तर प्रोटॉनची जुनी आवृत्ती घ्यायची किंवा ही वाट. आमच्या कार्डाला तिची काही गरज नव्हती. वर अशा दोन चिपांच्या लॅपटॉपवर ओपनजीएलचं काम, वेगळं सांगितलं नाही तर, इंटेलकडेच जातं. म्हणजे दाराला दोन कुलपं होती. मी एक काढलं आणि दार उघडलं नाही म्हणून किल्लीवर संशय घेत बसलो.

मंत्र पुसला. आकडा ५२.

घरात जो काही आरडाओरडा झाला! शेजारच्या काकू बघायला आल्या.

वेग वाढवायला म्हणून टाकलेल्या मंत्रानेच वेग मारला होता, आणि माझं खरं भांडण या मंत्र वाटणाऱ्यांशी आहे. यांना तुमचं कार्ड माहीत नाही, ड्रायव्हर माहीत नाही, कुठल्या सालच्या प्रोटॉनसाठी तो शब्द होता तेही माहीत नाही. पण दहा शब्दांची ओळ चिकटवा आणि बघा चमत्कार! उतारा टाकतात तसा. लिंबू, मिरची, काळी बाहुली. त्यातला एखादा शब्द कुणाला तरी कधीतरी खरंच उपयोगी पडलेला असतो, म्हणून तो पुढच्या सगळ्यांच्या गळ्यात. आणि आकडा खाली गेला की हे म्हणणार, लिनक्सच तसलं. असली ओळ तुमच्याकडे असेल तर आधी ती पूर्ण पुसा, आकडा लिहून ठेवा, मग एकेक शब्द परत टाकून बघा. पाच मिनिटं लागतात.

पुढे गंमत अशी की दहा मिनिटांनी आकडा ५२ वरून २८ वर आला. भाचा परत माझ्याकडे बघायला लागला. पण आता त्यानेच कोपरा वाचला: प्रोसेसर ९६ अंश, आणि वेग तीन गिगाहर्ट्झवरून दीडच्या खाली. लॅपटॉप गादीवर! उचलून पाटावर ठेवला, मागचं झाकण काढून पंखा साफ केला. आत बोळाभर कापूस आणि कोकणच्या दमटपणात चिकटून बसलेली धूळ. नंतर ८२ अंशांच्या वर गेला नाही. यात लिनक्सचा काय संबंध? विंडोजवरही हेच झालं असतं, फक्त तिथे शिव्या पंख्याला पडल्या असत्या.

नव्या जागेत शिरताना अर्धा सेकंद अडखळतं ते मात्र वेगळं. तिथे शेडर पहिल्यांदा तयार होत असतात, दुसऱ्या फेरीत बहुधा नाहीसं होतं. आणि विंडोजच्या डी ड्राइव्हवर, म्हणजे एनटीएफएसवर, गेम ठेवून तो प्रोटॉनने चालवायचा हट्ट करू नका. लिनक्सच्या स्वतःच्या विभाजनावर हलवा.

आता लिनक्सप्रेमी मंडळींनो, तुम्ही गालात हसू नका. "सगळं चालतं, काही अडत नाही" हे तुमचं पालुपदही तितकंच खोटं आहे. 'व्हॅलोरंट' चालत नाही, कारण त्याचा चोरी पकडणारा पहारेकरी थेट विंडोजच्या गाभ्यात बसतो. 'एपेक्स लेजंड्स' चालत होता, तो त्यांनी २०२४ मध्ये लिनक्सवाल्यांना बंद केला. डायरेक्टएक्स १२ चे गेम १०५० च्या पिढीच्या एनव्हिडिया कार्डांवर लिनक्समध्ये खरोखरच मागे पडतात, तिथे पंखा पुसून काही होत नाही. आणि एनव्हिडियाने ५८० ही या पिढीची शेवटची ड्रायव्हर-शाखा ठरवलीय, तेव्हा आमच्या लॅपटॉपचंही वय मोजायला सुरुवात झालेलीच आहे. हे सगळं आधी सांगा. पोरांना खोटी आशा दाखवून मग निळ्या पडद्यासमोर एकटं सोडायचं, हे मी स्वतः केलंय. गणपतीत तासभर जास्त बसलो असतो तर दिवाळीपर्यंत हे चिघळलंच नसतं.

भावजींनी दुसऱ्या दिवशी दुकानदाराला फोन करून "तूर्त राहू द्या" सांगितलं. तो म्हणाला म्हणे, "लिनक्सवर किती दिवस काढणार?" भावजींना लिनक्स म्हणजे काय हे अजून नक्की माहीत नाही, पण त्यांनी ठणकावून उत्तर दिलं, "बावन्न आहेत, बावन्न!"

ताईने निघताना डब्यात चकल्या दिल्या आणि हळूच विचारलं की त्या जुन्या प्रिंटरचं पण काही होईल का. पुढच्या खेपेला बघतो म्हणालोय.