रसग्रहणात मुलांचं वाक्य चालू द्या

मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ,
कोकण विभाग, रत्नागिरी



दहावीच्या निकालात आपला कोकण विभाग 2012 पासून राज्यात पहिला येतो. मालवणात मराठी शिकवताना मला त्याचा अभिमान वाटतो. हे पत्र मात्र एकाच प्रश्नाबद्दल आहे : कवितेचं रसग्रहण.

आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. या तीन मुद्द्यांचे तीन परिच्छेद मुलं पाठ करून येतात. ‘कवीने साध्या, ओघवत्या भाषेत मनाला भिडणारा संदेश दिला आहे’ हे वाक्य इंदिरा संतांच्या ‘औक्षण’ला लागतं आणि नारायण सुर्व्यांच्या ‘दोन दिवस’लाही. शीर्षक झाकलं तर उत्तर कुठल्या कवितेचं, ते सांगता येणार नाही! मुद्द्यांशी माझं भांडण नाही. कविता नीट वाचली जावी म्हणून ते दिले होते. आता त्यांच्यामुळे ती न वाचताही भागतं.

दहावीच्या 2018च्या ‘कुमारभारती’ या पाठ्यपुस्तकात द. भा. धामणस्करांची ‘वस्तू’ ही कविता आहे. वस्तूंना जीव असल्यासारखं वागवावं, त्यांना निरोपही कृतज्ञतेनं द्यावा, असं ती सांगते. मालवणच्या दांडी किनाऱ्यावरच्या एका मुलीनं सरावाच्या वहीत लिहिलं होतं, “आमची जुनी होडी आता पाण्यात जात नाही. तरी नारळी पौर्णिमेला आजोबा तिला हार घालतात. वस्तूंना जीव नसेल, असं म्हणताना कवी ‘कदाचित’ म्हणतो. आजोबांना तेवढीही शंका नाही.” खाली पेन्सिलीनं विचारलं होतं, “बाई, ह्या बोर्डाक चलात?” आणि मग सगळं खोडून गाइडातला परिच्छेद उतरवला होता.

तिनं अलंकार ओळखला नव्हता, पण कवी जिथे अडखळतो ती जागा तिला सापडली होती. रसग्रहण म्हणतात ते हेच.

माझ्या दोन विनंत्या आहेत. पेपर तपासण्याआधी नियामकांच्या बैठकीत एवढं स्पष्ट सांगावं, की कवितेतल्या शब्दाला धरून केलेल्या स्वतःच्या विधानाला पूर्ण गुण द्यावेत, मग ते ठरल्या मुद्द्यांच्या क्रमात बसो न बसो. आणि निकालानंतर नाव-क्रमांक काढून पाच-सहा खरी उत्तरं शाळांना पाठवावीत, प्रत्येकाखाली परीक्षकानं गुण का दिले आणि का कापले, हे लिहून. सगळी चांगली उत्तरं एका साच्यातली नसतात, हे मुलांना तेव्हाच पटेल.

जूनच्या आधी ती मिळाली, तर दहावीच्या पहिल्या तासाला तीच वाचून दाखवीन.

आपली,
मराठीची एक शिक्षिका, मालवण