शेरूची सुई आणि अम्मींची सुई

आमच्या घरात मधुमेहाचे दोन रुग्ण आहेत. एक अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि दुसरा शेरू, तेरा वर्षांचा बोका. दोघांचे इन्सुलिन फ्रिजच्या एकाच कप्प्यात आणि दोघांच्या सिरिंज एकाच डब्यात असायच्या. आता नसतात. ते का, हेच या महिन्यात सांगायचे आहे.

शेरूचे दुखणे आम्हाला उशिरा कळले. पाण्याचे भांडे दिवसातून दोनदा भरावे लागे आणि त्याच्या वाळूचा ट्रे सतत ओला. खाणे मात्र भरपूर, म्हणून आम्ही निर्धास्त. "म्हातारपणी माणसाला भूक लागते, याला का लागू नये?" असे अम्मी म्हणत. इतके खाऊनही त्याच्या पाठीचे मणके हाताला लागू लागले होते, ते कुणी मनावर घेतले नाही. मग एक दिवस तो सोफ्यावर चढताना घसरला आणि दिसले की मागचे पाय तो टाच टेकून टाकतो आहे. मधुमेहात मांजराच्या पायांच्या नसा अशा कमजोर होतात.

जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासले. साखर जास्त निघाली, तरी त्यांनी लगेच इन्सुलिन दिले नाही. दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीनेही वाढते. म्हणून लघवी तपासली आणि फ्रुक्टोसामाइनची तपासणी केली, जी मागच्या दोन-तीन आठवड्यांच्या साखरेचा अंदाज देते. मग निदान पक्के झाले. नसबंदी झालेले, घरात बसून जाडावलेले, उतारवयाचे बोके या आजारात जास्त सापडतात. आमचा शेरू तिन्ही बाबतीत बसत होता.

अम्मींच्याच गोळ्या त्याला दिल्या तर, असे घरातल्या एका शहाण्या माणसाने विचारलेही (नाव लिहीत नाही, ते हे पान वाचतात). मांजराच्या मधुमेहावर त्या गोळ्यांचा उपयोग होत नाही, अपाय मात्र होऊ शकतो. अम्मींचा प्रश्न वेगळा होता : "डुकरापासून केलेले औषध तर नाही ना?" विचारणे रास्तच होते, कारण जनावरांसाठी मिळणारे एक इन्सुलिन डुकराच्या स्वादुपिंडातूनच काढलेले असते. आमच्या डॉक्टरांनी ग्लार्जिन लिहून दिले. ते जिवाणूंकडून बनवून घेतात, माणसांनाही तेच देतात. सकाळी सातला दोन युनिट, संध्याकाळी सातला दोन युनिट, आधी खाणे आणि मग सुई.

सुई टोचणे पहिल्या आठवड्यातच जमले. मानेमागची सैल कातडी चिमटीत धरायची, बस. शेरू खाण्यात गुंग असे, त्याला पत्ताही लागत नसे.

चूक झाली ती रमजानमध्ये, आणि माझ्याच हातून. रोजा सोडून दहा मिनिटे झाली होती, घरात पाहुणे, चुलीवर कढई. शेरूच्या सिरिंजचे पाकीट संपलेले. मी अम्मींच्या पाकिटातली नवी सिरिंज काढली, दोनच्या रेघेपर्यंत औषध ओढले आणि टोचले. सुई ती सुईच, असे वाटले.

दहाच्या सुमारास शेरू पलंगाखालून बाहेर आला तो झिंगल्यासारखा. मान थरथरत होती, हाकेला ओ नव्हती. डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सिरिंजचे टोपण कोणत्या रंगाचे होते?"

लाल होते. लाल टोपणाची सिरिंज एका मिलिलिटरला ४० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी असते; अम्मींचे तेच आहे. शेरूचे ग्लार्जिन मिलिलिटरला १०० युनिटचे, त्याला नारिंगी टोपणाची सिरिंज लागते. रेघा त्या-त्या ताकदीच्या हिशेबाने छापलेल्या असतात. लाल सिरिंजमध्ये दोनच्या रेघेपर्यंत भरलेले ग्लार्जिन दोन नव्हे, पाच युनिट होते. अडीच पट.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी बोटाने त्याच्या हिरड्यांवर मध चोळला. तोंडात ओतायचा नाही, बेशुद्धीत श्वासनळीत जातो. तसेच टॉवेलात गुंडाळून दवाखान्यात नेले. रात्रभर ग्लुकोजचे सलाईन चालले. पहाटे सेहरीच्या वेळी फोन आला की त्याने डोके वर केले आहे. अम्मी तोपर्यंत मुसल्यावरून उठल्या नव्हत्या.

साखर चार दिवस जास्त राहिली तर मांजर सहसा लगेच दगावत नाही, पण एका रात्रीत खूप खाली गेली तर दगावू शकते. हे मला तेव्हा खऱ्या अर्थाने कळले. आता शेरूचे सामान वेगळ्या स्टीलच्या डब्यात असते. कॅलेंडरवर सुई देणारा सही करतो. सही नसेल आणि कुणालाच नीट आठवत नसेल, तर ती सुई द्यायचीच नाही. एक चुकली तर चालते, दोनदा गेली तर नाही. त्याने ताटली तशीच सोडली किंवा उलटी केली, तर सुईआधी डॉक्टरांना फोन. कानाच्या कडेला बारीक टोचून घरीच साखर बघायलाही मी शिकले. माणसांचे यंत्र मांजराची साखर खऱ्यापेक्षा थोडी कमी दाखवते, म्हणून आकडे वहीत लिहून डॉक्टरांनाच दाखवते.

खाणेही बदलले. बिस्किटासारखे कोरडे दाणे आणि दूध-भात बंद, कारण मांजराला पिष्ट पदार्थ पेलत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलेले मधुमेही मांजरांचे ओले खाणे सुरू आहे, वर थोडे उकडलेले चिकन, मीठ-मसाला न घालता. नुसत्या चिकनवर मांजराचे पोषण होत नाही, हे ध्यानात ठेवा. आणि खाणे बदलायचे ते डॉक्टरांना सांगूनच, कारण पिष्ट कमी झाले की इन्सुलिनही कमी लागते. काही मांजरांचे तर पुढे बंदच होते.

गेल्या आठवड्यात शेरूचा डोस दोनवरून एकवर आला. अम्मींचा मात्र डॉक्टरांनी वाढवला. तेव्हापासून त्या शेरूशी बोलत नाहीत. "त्याला रोज चिकन," म्हणतात, "आणि मला दुधी."