तो हिरवा चेंडू तळ्यात सोडू नका, विकतही आणू नका

मे महिन्याची सुट्टी तोंडावर आली. गावाला जायचं म्हणून घरोघरच्या माशांच्या टाक्या रिकाम्या होतील आणि त्यातलं सगळं जवळच्या तळ्यात, ओढ्यात ओतलं जाईल. त्याआधीच ही विनंती. तुमच्या टाकीत ‘मारिमो’ किंवा ‘मॉस बॉल’ नावाचा मखमली हिरवा चेंडू असेल, तर तो उघड्या पाण्यात टाकू नका. नसेल, तर आणू नका.

नावात मॉस असलं तरी ते शेवाळ आहे, एगाग्रोपिला लिनेई. उत्तरेकडच्या थंड मुलखातल्या तळ्यांत ते राहतं, पण चेंडू होतो तो फारच थोड्या ठिकाणी. जपानच्या होक्काइदो बेटावरचं आकान सरोवर त्यातलं सर्वांत नावाजलेलं. तिथल्या उथळ कोपऱ्यात वाऱ्याने लाटा उठतात, त्या शेवाळाला तळाशी लोळवत ठेवतात. त्यामुळे सगळ्या बाजूंना ऊन मिळतं आणि अंगावरचा गाळही झडतो. वाढ वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर, तरी मोठे चेंडू ३० सेंटीमीटरपर्यंत भरतात. पिशवीत घालायला मात्र क्षण पुरतो.

जपानने १९२१ सालीच त्याला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला. तरीही जंगलतोड, विजेसाठी उतरवलेली पाण्याची पातळी आणि चोरटी विक्री यांनी घात केला. १९५० मध्ये, नेलेले चेंडू परत आणून द्या, अशी हाक द्यावी लागली. आजचा मारिमो उत्सव त्यातूनच सुरू झाला. आइसलँडच्या मीवात्न सरोवरात या चेंडूंना २००६ साली संरक्षण मिळालं आणि पुढच्या काही वर्षांतच तिथले चेंडू जवळजवळ दिसेनासे झाले. पाणी गढूळलं, तळाशी ऊन पोचेना. कायद्याने पाणी निवळत नाही.

धोका उलट्या दिशेनेही आहे. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या दुकानांत याच चेंडूंमध्ये झेब्रा शिंपले लपलेले सापडले. ते पाण्याच्या नळ्या बुजवतात. बाहेरचा जीव पाण्यात शिरला की आपल्याकडे काय होतं ते उजनी धरणाच्या मच्छीमारांना विचारा. शोभेच्या टाक्यांतला सकर मासा आज त्यांची जाळी फाडतो. जलपर्णीही शोभेसाठीच आली होती.

तेव्हा दुकानदाराला विचारा, हा चेंडू कुठल्या तळ्यातला? उत्तर नुसतं ‘इम्पोर्टेड’ आलं, तर मागे फिरा. घरी असलेला चेंडू नको झाला असेल, तर मिनिटभर उकळत्या पाण्यात घाला किंवा २४ तास फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग कचऱ्यात टाका. टाकीतलं पाणी कुंड्यांना घाला, मासे दुकानात किंवा ओळखीच्या कुणाला द्या.

आणि हे सोसायटीच्या फळ्यावर आजच लावा. सामानाची बांधाबांध सुरू झाली की कुणी वाचणार नाही.