आधी हिशेब, मग बॅटरी

ज्येष्ठ लागला की आमच्या जामनेर-मुक्ताईनगर पट्ट्यात वारीची बोलणी सुरू होतात. संत मुक्ताबाईंची पालखी कोथळीहून निघते आणि बुलढाणा, जालना, बीड असं करत महिनाभराने पंढरपूरला पोचते. तेवढे दिवस एकेका दिंडीचा संसार ट्रॉलीत मावतो. दिवसा त्यात धान्य, भांडी, अंथरुणं, माणसं पायी. रात्री सामान खाली उतरतं आणि वय झालेल्या आयाबाया आत झोपतात. अलीकडे ताडपत्रीच्या जागी पत्रा आणि प्लायवूड आलंय. चाकांवरची खोलीच म्हणा ना! आणि खोली म्हटली की लाइट आला, पंखा आला, मोबाईल आले.

माझं म्हणणं एवढंच, की या खोलीची वायरिंग सगळ्यात शेवटी होते आणि ती सगळ्यात आधी कागदावर व्हायला हवी. होतं काय, की बॅटरी कुणीतरी देणगी म्हणून आधीच दिलेली असते. प्लायवूड ठोकून, रंग मारून झाला की घरात उरलेलं वायरचं बंडल येतं. मग सुचेल ते जोडत जायचं. "बॅटरी मोठी आहे, चालतंय!"

चालतं का ते बघू. नऊ वॉटचे चार दिवे पाच तास : १८० वॉट-तास. वीस वॉटचे दोन पंखे रात्रभर, म्हणजे आठ तास : ३२०. दहा मोबाईल, प्रत्येकी १५ धरले तर १५०. हरिपाठ-कीर्तनाचा साठ वॉटचा ॲम्प्लिफायर चार तास : २४०. आणि एक छोटा १२ व्होल्टचा फ्रीज, साधारण ३६०. बेरीज १२५०. आता १५० अँपिअर-तासाची साधी लेड-ॲसिड बॅटरी घेतली तर कागदावर १८०० वॉट-तास दिसतात. पण ती टिकवायची तर निम्मीच वापरायची, म्हणजे ९००. गणित बसत नाही.

फ्रीज ही चैन नाही बरं का. दिंडीत मधुमेहाची माणसं असतात आणि ज्येष्ठात आमच्याकडे ऊन कसं असतं ते वेगळं सांगायला नको. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशात ठेवावं लागतं. म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसलं की खरा प्रश्न पुढे येतो : आधी काय चालू राहिलं पाहिजे? माझ्या मते उत्तर साफ आहे. इन्सुलिन, मग दिवा, मग पंखा. ॲम्प्लिफायरला त्याची वेगळी बॅटरी. मोबाईल दिवसा ट्रॅक्टर चालू असताना भरून घ्यावेत. आता बेरीज ८६० होते आणि गणित बसतं. टपावर सोलर लावलं तरी हा हिशेब चुकत नाही, कारण ज्येष्ठातल्या उन्हात पॅनेल जे देतं त्याच्या निम्मं तरी आषाढातल्या ढगाळ दिवशी मिळेल याची खात्री नसते.

दुसरी गोष्ट वायरची. २४० वॉटसाठी घरच्या २३० व्होल्टवर जेमतेम एक अँपिअर वाहतो. १२ व्होल्टवर तेवढ्याच कामाला वीस. घरच्या दिव्याची दीड चौरस मिलिमीटरची वायर सहा मीटर नेली, तर जाऊन-येऊन बारा मीटरमध्ये जवळजवळ तीन व्होल्ट वाटेतच संपतात. पंखा कुथतो, वायर तापते आणि दोष बॅटरीला! तिथे दहा चौरस मिलिमीटरची वायर लागते. महाग आहे, पण लांबी आधी मोजली तर कमी लागते.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. तो उपकरणासाठी नसतो, वायरसाठी असतो. पत्र्याच्या कडेवर वायर घासून शॉर्ट झाली तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते, आणि शेजारी गोधड्या असतात. बॅटरीही झोपण्याच्या जागेत नको. चार्ज होताना हायड्रोजन निघतो.

मुक्कामी आकडा टाकणं तर बंदच करावं. चोरी तर आहेच. शिवाय ओल्या जमिनीवर, पत्र्याच्या खोलीत २३० व्होल्ट आणायचे आणि मध्ये काही संरक्षण नाही! कुणाच्या घरून रीतसर वीज घेतली तरी ती ३० मिलिअँपिअरच्या ईएलसीबीतूनच घ्यावी. टपावर पॅनेल चढवलं की ट्रॉलीची उंची पुन्हा मोजावी. २७ एप्रिल २०२२ ला तमिळनाडूत तंजावरजवळ उत्सवाचा रथ उच्च दाबाच्या तारेला लागला आणि अकरा माणसं गेली. भक्ती तिथेही कमी नव्हती.

"पूर्वी कंदिलावर वारी होत होती की," असं कुणी म्हणेल. होत होती, आणि आजही ज्याला कंदिलावर करायची त्याने खुशाल करावी. पण एकदा वीज आत घेतली की मग ती अर्धवट घेता येत नाही.

असो. वायर प्लायवूडमागे जाते, दिसत नाही. म्हणून देणगीदाराचं नाव बॅटरीवर असतं, फ्यूजवर नसतं. यंदा कुणाला काही द्यायचंच असेल तर शंभर-दोनशे रुपयांचे फ्यूज द्यावेत. वायरिंग ठरवणारे बहुतेक वेळा रात्री बाहेर, मोकळ्या हवेत झोपतात. आत झोपलेल्या म्हातारीला कुणी काही विचारलेलं नसतं.