सदऱ्याची गुंडी

शिरूर तालुक्यातील मांडवगण फराटा येथून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला. उजवा हात अजून पुरता वळत नाही. ज्यांनी भीमाकाठच्या उसाचा सारा व्यवहार आयुष्यभर एकहाती सांभाळला, त्यांच्या सदऱ्याच्या गुंड्या आता रोज सकाळी सून लावते. एके दिवशी त्यांनी तिचा हात झिडकारला. ‘मी अजून मेलो नाही,’ एवढेच म्हणाले आणि दिवसभर जेवले नाहीत. भगिनी विचारतात, ‘मामांची सेवा करताना माझे चुकले कोठे?’

हा प्रश्न एका घराचा नाही. म्हणून आज दोन प्राचीन परंपरांकडे वळू.

पहिली परंपरा आपल्याला वाटते तितकी दूरची नाही. भीमेपलीकडे, दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी मुक्तिसदन वसवले आणि तेथेच मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले. उत्तरायुष्यात त्यांना ऐकू येणे फार कमी झाले होते. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा गेली. तरीही काम चालूच राहिले आणि ते हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

त्या ग्रंथातील योहानाच्या शुभवर्तमानात दोन प्रसंग आहेत. अखेरच्या भोजनाच्या वेळी येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुऊ लागतो. पेत्र संकोचाने नकार देतो. गुरूने आपले पाय धुवावेत, हे त्याला सोसत नाही. येशू त्याला बजावतो की, हे स्वीकारल्यावाचून तुझे माझे नाते उरणार नाही. पुढे तोच येशू याच पेत्राला सांगतो की, तरुणपणी तू स्वतः कंबर बांधून हवे तेथे जात होतास; म्हातारपणी मात्र तू हात पुढे करशील आणि दुसरा कोणी तुझी कंबर बांधील. हे बोल पेत्राच्या मरणाविषयीचे आहेत, असे शुभवर्तमानकार सांगतो. पण ज्यांना रोज दुसऱ्याच्या हाताने वस्त्र नेसावे लागते, त्यांना ते आपलेच वाटतील.

ज्येष्ठ वाचकहो, सेवा देण्यापेक्षा सेवा घेणे अवघड आहे. देणाऱ्याचा हात वर असतो. घेणाऱ्याला आपला मोठेपणा थोडा खाली ठेवावा लागतो. तो ठेवणे म्हणजे पराभव नव्हे. आपण पाय पुढे केला नाही, तर समोरच्याचे प्रेम ओंजळीतल्या पाण्यासारखे निथळून जाते.

आता सेवा करणाऱ्यांकडे वळू. चीनमधील लाओत्से या ऋषीच्या नावाने ‘ताओ ते चिंग’ हा ८१ लहान प्रकरणांचा ग्रंथ ओळखला जातो. त्यातील ‘वू वेइ’ ही कल्पना आळसाची नाही. जे आपोआप घडू शकते, त्यात जबरदस्तीने हात न घालणे, असा तिचा आशय आहे. सर्वांत उत्तम राज्यकर्ता कोण, याचेही उत्तर तेथे आहे: ज्याचे काम पुरे झाल्यावर लोकांना वाटते की हे आमचे आम्हीच केले.

भगिनी, आपल्या प्रश्नाचे उत्तर मला येथे दिसते. आपली सेवा कमी पडली नाही. ती थोडी लवकर धावली. सकाळी पाव तास अधिक ठेवा. मामांना पाठ टेकता येईल अशा खुर्चीवर बसवा. दुबळा हात बाहीत आधी घाला. सदरा काढताना तो शेवटी काढा. गुंड्या मोठ्या लावून घ्या. खालच्या गुंड्या आपण लावा, वरची एक त्यांच्यासाठी सोडा आणि ती लागेपर्यंत दुसरीकडे पाहा. न्हाणीघर, पायऱ्या आणि औषधे यांबाबत मात्र आधार सोडू नका. हाताला कोणता व्यायाम द्यावा, हे फिजिओथेरपिस्टना विचारूनच ठरवा.

आपल्यापैकी अनेकांनी शाळेत विनोबांची सर्वधर्मीय नाममाला म्हटली असेल. तिच्यात येशूच्या पित्याचे नाव आहे आणि ताओचेही. तेव्हा ती नावे केवळ पाठ झाली. आज त्यांचा अर्थ घरातल्या खुर्चीपाशी उलगडतो. एकाने हात पुढे करावा, दुसऱ्याने आपला हात थोडा आवरावा. मधली गुंडी कोणी लावली, हे मग दोघांनीही विचारू नये.