दुसऱ्या कॅन्सरच्या धास्तीने पहिल्याची गोळी सोडू नका

स्तनाचा कॅन्सर होऊन बरी झालेली बाई घरात असली की कोणीतरी जाणकाराच्या आवाजात सांगतंच : ‘एवढी किमो, एवढे शेक घेतलेत, आता उपचारांमुळेच दुसरा कॅन्सर होणार.’ त्यापुढचा सल्लाही ठरलेला असतो. गोळ्या बंद करा, शेक टाळा, जमलं तर दुसरा स्तनही आत्ताच काढून टाका.

हे म्हणणं निराधार आहे असं म्हणून उडवून लावता येणार नाही. टॅमॉक्सिफेन या गोळीमुळे, विशेषतः पाळी गेलेल्या बायकांत, गर्भपिशवीच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. शेकामुळे पुढे फुप्फुसाचा, तर किमोतल्या काही औषधांमुळे रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो. हे सगळं वैद्यकाला अनेक वर्षं माहीत आहे. माझा आक्षेप यातून काढलेल्या निष्कर्षाला आहे, कारण धोका किती, हे कोणी विचारतच नाही.

ते मोजलं गेलं आहे. इंग्लंडमध्ये 1993 ते 2016 या काळात सुरुवातीच्या टप्प्यातला स्तनाचा कॅन्सर झालेल्या पावणेपाच लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने 2025 साली छापला. वीस वर्षांत त्यांच्यापैकी 13.6 टक्के जणींना दुसऱ्या एखाद्या अवयवाचा नवा कॅन्सर झाला. आकडा ऐकून छाती दडपते. पण वय वाढतं तसा कॅन्सर इतर बायकांनाही होतोच, आणि त्यांच्याशी तुलना केली तर हा धोका शंभरात जेमतेम दोघींनी जास्त निघाला. दुसऱ्या स्तनात नवा कॅन्सर 5.6 टक्के जणींना झाला, म्हणजे अपेक्षेपेक्षा शंभरात तिघी जास्त. आणि या जादा कॅन्सरांपैकी उपचारांच्या माथी मारता येतील असे साधारण 7 टक्केच. बाकीच्यांची मुळं आनुवंशिकतेत, वजनात, तंबाखूत, हार्मोन्समध्ये शोधावी लागतात. शेकाच्या नावाने बोटं मोडणाऱ्या घरात त्याच बाईची मिश्रीची डबी मात्र कोणी हलवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता ज्या गोळीची एवढी भीती, तिचंच बघू. टॅमॉक्सिफेन पाच वर्षं घ्यावी की दहा, याचा शोध घेणाऱ्या ‘ॲटलास’ चाचणीचे निष्कर्ष 2012 मध्ये आले. ज्यांनी गोळी दहा वर्षं घेतली, त्यांच्यात पाचव्या ते चौदाव्या वर्षादरम्यान गर्भपिशवीच्या कॅन्सरचं प्रमाण 1.6 वरून 3.1 टक्क्यांवर गेलं. जवळजवळ दुप्पट, हे खरंच. पण त्या कॅन्सरने होणारे मृत्यू 0.2 वरून 0.4 टक्क्यांवर गेले, आणि हार्मोनला प्रतिसाद देणारा कॅन्सर असलेल्यांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू 15 वरून 12.2 टक्क्यांवर आले. ‘दुप्पट’ हा एकच शब्द उचलून गोळी थांबवायला सांगणारा माणूस त्या बाईच्या जिवाशी खेळतो.

माझ्या मावशीने ती अशीच थांबवली होती. रव्याच्या डब्यामागे न फोडलेल्या पट्ट्या सापडल्या तेव्हा कळलं. ‘पिशवीचा कॅन्सर होतो म्हणे,’ एवढंच ती बोलली. त्याहून वाईट म्हणजे, पाळी जाऊन वर्षं लोटल्यावर लागलेला रक्ताचा डाग तिने कोणालाच सांगितला नव्हता. भीतीपायी औषध सोडलं, आणि ज्याची भीती त्याचं मुख्य लक्षण मात्र अंगावर काढलं! तपासणीत साधा पॉलिप निघाला, तो काढला आणि गोळी पुन्हा सुरू झाली. दोष मी तिला देत नाही. गोळी लिहून देताना तिच्याशी याबद्दल कोणी दोन मिनिटं बोललंच नव्हतं, मग शेजारणीचं बोलणं हेच तिला शास्त्र वाटलं.

दुसरा स्तन ‘सावधगिरी म्हणून’ काढण्याचंही तसंच. अमेरिकेतल्या नोंदींवर आधारलेल्या 2024 च्या अभ्यासात, दोन्ही स्तन काढलेल्यांत नवा कॅन्सर पुष्कळ कमी झाला, पण वीस वर्षांत कॅन्सरने होणारे मृत्यू काही घटले नाहीत. याला मोठा अपवाद आहे तो बीआरसीए जनुकांतल्या दोषाचा. बीआरसीए 1 मध्ये दोष असेल तर वीस वर्षांत दुसऱ्या स्तनात कॅन्सर होण्याचा धोका 40 टक्क्यांच्या घरात जातो, आणि ऐंशीव्या वर्षापर्यंत अंडाशयाच्या कॅन्सरचा 44 टक्के. तिथे शस्त्रक्रियेचा विचार व्हायलाच हवा. म्हणून कॅन्सर तरुणपणी झाला असेल, ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोनला आणि हर-2 ला प्रतिसाद न देणारा) असेल, किंवा आईकडच्याच नव्हे, वडिलांकडच्याही बायकांत स्तनाचा वा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर जनुक तपासणीबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारावं. पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर झालेल्या स्त्रियांत दुसऱ्या कॅन्सरचा धोका समवयस्कांच्या तुलनेत अधिक ठळकपणे वाढलेला दिसतो. आपल्याकडे हा आजार कमी वयात होणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, तेव्हा इंग्लंडचे सरासरी आकडे दाखवून त्यांना निर्धास्त करणंही बरोबर नाही.

काही डॉक्टर म्हणतात, पेशंटला आधीच टेन्शन असतं, त्यात हे कशाला सांगायचं? हा युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही. जी बाई सहा-आठ किमो सोसते, केस गेलेलं डोकं पदराखाली झाकून एसटीने शेकाला येते, तिला ‘शंभरात दोघी-तिघी’ एवढं समजणार नाही? न सांगितल्याने भीती कमी होत नाही. ती मावशीसारखी डब्यामागे जाऊन बसते.

दरवर्षी पेट स्कॅन करून घेण्याचा आग्रहही सोडायला हवा. काही त्रास नसताना तो उपयोगाचा नाही. टॅमॉक्सिफेन चालू आहे एवढ्यासाठी ठरावीक मुदतीने पिशवीची सोनोग्राफी करत राहण्याचीही गरज नाही. गरज आहे ती उरलेल्या स्तनाच्या वार्षिक मॅमोग्राफीची, तंबाखू सोडण्याची, वजन आवरण्याची, आणि उपचार संपताना फाइलमध्ये लागणाऱ्या एका मराठी कागदाची. कोणते उपचार झाले, कोणती गोळी किती वर्षं, पुढची मॅमोग्राफी कधी, हे त्यावर लिहिलेलं असावं. आणि खाली मोठ्या अक्षरांत : पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर गोळी मनाने बंद करू नका, पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच आठवड्यात येऊन दाखवा.